इंटरनेटवरची आडनावे : जुनी घराणी, नवे दावेदार

२०२५मध्ये एक मुदत संपली. देशातील सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'बँक डॉट इन' या नव्या पत्त्यावर हलवावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ रोजी काढला. मोठ्या व्यापारी बँका त्यात आहेतच, पण नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही आहेत. म्हणजे नाशिकच्या ज्या नागरी बँकांत आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी पहिले बचत खाते उघडले, त्यांनाही पासबुकावरचा, पाटीवरचा आणि दरवर्षी फुकट वाटायच्या कॅलेंडरवरचा इंटरनेटचा पत्ता बदलावा लागला. बदल फक्त शेवटच्या शब्दांचा आहे. 'डॉट कॉम' जाऊन 'डॉट बँक डॉट इन' आले.

एवढ्याशा शेपटासाठी रिझर्व्ह बँकेने आदेश काढावा, याचे अनेकांना नवल वाटले. नवलाचे कारण असे की गेली दहा-बारा वर्षे आपल्याला नेमके उलटे सांगितले जात होते. डॉट कॉमची सद्दी संपली, आता डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट शॉप, डॉट क्लब, हवे ते शेपूट लावा, असे. ही नवी शेपटे जुन्यांना खरोखर टक्कर देऊ शकतात का, आणि देऊ शकत असतील तर कोणती, हा या लेखाचा विषय. तांत्रिक भाषेत या शेवटच्या शब्दाला 'टॉप लेव्हल डोमेन' म्हणतात, दुकानदारीच्या भाषेत 'एक्स्टेन्शन'. मी त्याला आडनाव म्हणणार आहे, कारण काम तेच आहे.

ते काम कसे चालते हे नाशिककराला समजावून सांगणे फार सोपे आहे. परगावचा यजमान गोदाकाठी किंवा त्र्यंबकेश्वरी आला की त्याला विचारतात, आडनाव काय आणि मूळ गाव कोणते? मग त्या गावाच्या, त्या घराण्याच्या वंशावळीच्या वह्या ज्या तीर्थोपाध्यायांकडे आहेत त्यांच्याकडे त्याला धाडले जाते. तिथे वही उघडते आणि पणजोबांची सही सापडते. सगळ्या वह्या एकाच घरात नसतात. कोणाकडे कोणत्या वह्या आहेत एवढे ठाऊक असले की पुरते.

इंटरनेटची नावव्यवस्था अशीच आहे. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्ये तिचा आराखडा मांडला. त्याआधी जगातल्या सगळ्या संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी प्रत्येकाने उतरवून घ्यायची. यादी वाढत चालली तशी ती पद्धत कोलमडू लागली. नव्या पद्धतीत संगणक नाव उजवीकडून वाचतो. आधी शेवटचा शब्द पाहतो, 'इन'. मूळ यादीला विचारतो, 'इन'च्या वह्या कोणाकडे? तिथून त्याला भारताच्या नोंदणीकडे पाठवले जाते. ती सांगते, 'अमुक डॉट इन' हे नाव अमक्याने घेतले आहे, पुढचे त्याला विचारा. असे दोन-तीन दरवाजे ओलांडून तो मुक्कामी पोहोचतो, तेही डोळ्याचे पाते लवायच्या आत. म्हणजे आडनाव ही केवळ शोभा नव्हे. पहिला दरवाजा कोणाचा, तिथे कोण बसले आहे आणि तो कोणाला आत घेतो, हे आडनावावरून ठरते. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

सुरुवातीची आडनावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. व्यापाऱ्यांसाठी कॉम, शिक्षणसंस्थांसाठी एज्यु, अमेरिकी सरकारसाठी गव्ह, सैन्यासाठी मिल, इतरांसाठी ऑर्ग, आणि लगेच मागोमाग नेट. १९८४ सालची ही वाटणी. पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीने घेतले. त्याशिवाय प्रत्येक देशाला दोन अक्षरे मिळाली. ती अक्षरे कोणी मनाने ठरवली नाहीत. जॉन पोस्टेल हे या साऱ्या यादीचे कारभारी. देश कोणता आणि कोणता नाही, या भांडणात पडायचे नाही म्हणून त्यांनी देशांच्या सांकेतिक अक्षरांची तयार आंतरराष्ट्रीय यादी जशीच्या तशी उचलली. भारताच्या वाट्याला 'इन' आले ते असे.

डॉट इन हे आडनाव १९८९मध्ये मूळ यादीत लागले, आणि त्याच्या वह्या बरीच वर्षे मुंबईत जुहूला होत्या, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेत. ही संस्था पुढे २००३मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. जुहूचा दरवाजा मात्र फार अरुंद होता. कागदपत्रे दाखवा, संस्था सिद्ध करा, मग 'को डॉट इन' किंवा 'एसी डॉट इन' अशा उपविभागात नाव मिळे. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत मिळून फक्त ७०००च्या आसपास नावे नोंदली गेली. नेमक्या याच काळात आपल्याकडे इंटरनेट आले, सायबर कॅफे निघाले, वृत्तपत्रे ऑनलाइन झाली. ज्याला चार पैसे टाकून झटपट नाव हवे होते, त्याने अमेरिकेतून डॉट कॉम घेतले. मुंबईच्या रेडिफने तर कंपनीच्या नावातच 'डॉट कॉम' घातले आणि २०००मध्ये ती नॅसडॅकवर गेली. मराठीत 'डॉटकॉम' हे सामान्यनाम झाले ते तेव्हा. 'डॉटकॉमवाल्यांचा फुगा फुटला' असे आपण म्हणत होतो.

डॉट कॉमच्या आकर्षणात काही गूढ नाही. आपला स्वतःचा दरवाजा बंद होता त्या दहा-बारा वर्षांत लागलेली ही सवय आहे. २००३मध्ये 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली, २००५मध्ये डॉट इन कोणालाही, कितीही नावे घेण्यासाठी खुले झाले, आणि मग गर्दी झाली. आज ही संख्या ४० लाखांच्या आसपास आहे. कागदावर १९८९चे असलेले हे आडनाव बाजारात २००५चे नवे आडनावच होते, आणि त्याला लोकांच्या जिभेवर बसायला वीस वर्षे लागली. नव्या आडनावांबद्दल बोलताना हा काळ लक्षात ठेवावा.

आता नव्यांकडे. या साऱ्या नावांची जागतिक व्यवस्था पाहणारी 'आयकॅन' ही संस्था कॅलिफोर्नियात आहे. तिने जून २०११मध्ये सिंगापूरच्या बैठकीत ठरवले, की ज्याला हवे त्याने हवे ते आडनाव मागावे. अर्जाची फी १,८५,००० डॉलर. २०१२मध्ये १९३० अर्ज आले. त्यांतून पुढे बाराशेहून अधिक आडनावे मूळ यादीत लागली. अर्जांची ती यादी हे एक वाचनीय प्रकरण आहे. टाटांनी 'टाटा' मागितले, तर मोरोक्कोत टाटा नावाचा एक प्रांत निघाला आणि त्या देशाची ना-हरकत मिळवण्याचे काम उपटले. क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीने 'राम' मागितले. त्यांच्या मालमोटारीचे ते नाव, अर्थ एडका. भारत सरकारने त्याला हरकत घेतली. काळाराम मंदिराच्या गावात बसून ही कागदपत्रे वाचताना गंमत वाटते, पण मुद्दा गमतीचा नाही. जगाची एकच यादी असेल आणि एक शब्द एकालाच मिळणार असेल, तर तो शब्द कोणाचा, हे भांडण होणारच. त्याच क्रायस्लरने आपल्याच नावाचे 'क्रायस्लर' आणि 'डॉज' हे आडनाव मिळवले आणि २०१९मध्ये सोडूनही दिले. हौसेने बांधलेला वाडा, राहायला कोणी नाही.

या शर्यतीत एक खेळाडू मुंबईचा होता, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. तुरखिया बंधूंच्या डायरेक्टी समूहाने 'रॅडिक्स' नावाची कंपनी काढली. डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट टेक, डॉट साइट, डॉट स्पेस ही आडनावे तिच्याकडे आहेत. जगात कुठेही कोणी 'अमुक डॉट ऑनलाइन' घेतले, की त्याची नोंद या मूळ मुंबईच्या घराण्याच्या वहीत होते.

मग टक्कर झाली का? आकडे असे सांगतात. जगात आज एकूण ३७ कोटींच्या आसपास नावे नोंदलेली आहेत. त्यांपैकी एकट्या डॉट कॉमची १५ कोटींहून अधिक. २०१२च्या फेरीतून आलेली बाराशे आडनावे सगळी एकत्र केली तरी ती ४ कोटींच्या घरात जातात. दहा वर्षांत शून्यातून ४ कोटी हे काही थोडे नाही. पण या आकड्याच्या आत डोकावले की चित्र बदलते. नव्या आडनावांचा धंदा पहिल्या वर्षाच्या सवलतीवर चालतो. पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपये, नूतनीकरणाला दोन-तीन हजार. त्यामुळे नाव घ्यायचे, वर्षभर वापरायचे आणि टाकून द्यायचे, असे करणारे गिऱ्हाईक तिथे जास्त जमते. त्यात नवउद्योजक असतात, तसे भामटेही असतात. स्वस्त, झटपट आणि टाकाऊ पत्ता भामट्याला सर्वांत सोयीचा. परिणामी ई-मेल गाळणाऱ्या यंत्रणा काही नव्या आडनावांकडे आधीच संशयाने पाहतात, आणि त्याच आळीत दुकान थाटलेला सरळमार्गी माणूस उगाच भरडला जातो.

डॉट कॉमला खरी स्पर्धा केली ती मजेशीर ठिकाणाहून आलेल्यांनी, आणि ते नवे नव्हतेच. अँग्विला हे कॅरिबियन समुद्रातले सोळा-सतरा हजार वस्तीचे बेट. त्याच्या वाट्याला दोन अक्षरे आली, 'एआय'. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३मध्ये या बेटाने नुसत्या नावांच्या नोंदणीतून सुमारे ३.२ कोटी डॉलर कमावले. सरकारच्या महसुलाचा पाचवा हिस्सा! संगणकवाल्यांचे लाडके 'आयओ' हे हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या ब्रिटिश प्रदेशाचे आडनाव. ती बेटे मॉरिशसला देण्याचा करार २२ मे २०२५ रोजी झाला, त्यामुळे 'आयओ' लावणाऱ्या कंपन्या आता भूगोलाच्या बातम्या वाचू लागल्या असतील. युगोस्लाव्हियाचे 'वायू' हे आडनाव तो देश संपल्यावर २०१०मध्ये यादीतून काढून टाकले गेले. आडनाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळते, आणि घरमालकाचे काय होईल ते भाडेकरूच्या हातात नसते.

आता पुन्हा बँकांकडे येऊ, कारण नव्या-जुन्याचा खरा निकाल मला तिथे दिसतो.

'डॉट बँक' नावाचे नवे आडनाव २०१५पासून अस्तित्वात आहे. ते फक्त बँकांनाच मिळते, कागदपत्रे तपासून मिळते. आपल्याकडच्या स्टेट बँकेने तर आणखी पुढे जाऊन २०१२च्या फेरीत स्वतःचे 'एसबीआय' हे आडनावच मिळवले. 'बँक डॉट एसबीआय' आणि 'ऑनलाइनएसबीआय डॉट एसबीआय' हे पत्ते अनेकांनी वापरले असतील. पत्त्याच्या शेवटी एसबीआय असेल तर तो स्टेट बँकेचाच, दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने याहून भक्कम व्यवस्था नाही. तरीही रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५च्या पतधोरणात जाहीर केले, की सर्व बँकांसाठी 'बँक डॉट इन', आणि इतर वित्तसंस्थांसाठी पुढे 'फिन डॉट इन'. नोंदणी कोण करणार? कोणतीही खासगी कंपनी नाही, फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेली संस्था. स्टेट बँकेलाही आपले स्वतःचे आडनाव असताना या रांगेत यावे लागले.

हे बरोबर झाले असे माझे मत आहे. स्टेट बँकेच्या आडनावाने फक्त स्टेट बँकेचा ग्राहक सुरक्षित होतो, तेही त्याला हे आडनाव काय आहे ते ठाऊक असेल तर. आपल्या ग्राहकाने मात्र एवढेच शिकायचे, की शेवटी 'बँक डॉट इन' असेल तर आतला माणूस रिझर्व्ह बँकेच्या माहितीतला आहे. एक खूण, सर्व बँकांना. गावातल्या पतपेढीच्या पायरीवर बसलेल्या आजीला शिकवता येईल अशी. आणि 'डॉट बँक' न घेता 'डॉट इन'खालीच हे दालन काढले, यात दरवाजावरचा माणूस आपला राहतो, हेही आहे. तंत्रदृष्ट्या पाहिले तर हे नवे आडनाव नव्हेच, जुन्या घराण्याने काढलेली नवी शाखा आहे. डॉट कॉमला इतकी वर्षे जमले नाही ते, म्हणजे मोठ्या वापरातून त्याला हटवण्याचे काम, ही शाखा एका आदेशाने करत आहे.

यातली खूण कशी वाचायची हे मात्र शिकवावे लागेल. पत्ता डावीकडून वाचायची आपली सवय इथे घात करते. 'नाशिक डॉट गव्ह डॉट इन' हे जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ. पण 'नाशिक डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुक' असे कोणी केले, तर पहिले तीन शब्द खरे दिसतात आणि मालक असतो तो 'अमुक'. पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडे जे शेवटचे शब्द आहेत तेच आडनाव, बाकी सगळी पाळण्यातली नावे. मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यावर लांब पत्त्याचा एखादाच तुकडा दिसतो, ही आणखी अडचण.

नाशिकला ही गोष्ट लवकरच अंगावर घ्यावी लागणार आहे. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे, म्हणजे बँकांच्या मुदतीनंतर बरोबर एका वर्षाने. पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला. जानेवारी २०२५मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात तंबू आणि कुटी आरक्षणाची बनावट संकेतस्थळे निघाली, लोकांनी पैसे भरले, पोलिसांनी टोळ्या पकडल्या. आपल्याकडे तर आधीच गुंता आहे. त्र्यंबकेश्वराचे नाव घेऊन डॉट कॉम, डॉट इन, डॉट ऑर्ग लावलेली कितीतरी संकेतस्थळे आहेत. नारायण नागबळी, कालसर्प, त्रिपिंडी, सगळ्यांचे आरक्षण तिथे होते. त्यांतली बहुतेक प्रामाणिक पुरोहितांची आहेत. कोणती नाहीत, हे चेन्नईच्या किंवा इंदूरच्या यजमानाला पत्ता वाचून कळायला काही मार्ग नाही. पूर्वी घाटावर तोंडी चौकशी करून खरा उपाध्याय सापडे, तशी चौकशी पडद्यावर करता येत नाही. प्रशासनाकडे नोंदणी झालेली लॉज, धर्मशाळा, वाहनसेवा यांना सरकारी आडनावाखाली एकेक छोटे पान दिले, आणि 'या दालनाबाहेर पैसे भरू नका' असे प्रत्येक स्थानकावर लिहिले, तर काम भागेल. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी जे केले तेच, फक्त लहान प्रमाणात. त्याला कोट्यवधींचे ॲप लागत नाही.

हे सगळे झाले रोमन अक्षरांत. मराठी अक्षरांतली आडनावेही आहेत, आणि त्यांची कथा अधिक चुटपुट लावणारी आहे.

'डॉट भारत' हे देवनागरी आडनाव २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. हिंदी, मराठी, कोकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी एकच. पुढे इतर लिप्या धरून भारताची अशी पंधरा आडनावे झाली. त्यामागचे भाषिक काम, म्हणजे कोणती अक्षरे चालतील, कोणती एकमेकांसारखी दिसतात म्हणून टाळायची, यातला मोठा भाग पुण्याच्या सी-डॅकमध्ये झाला. २०२१मध्ये निक्सीने डॉट इन घेणाऱ्याला भारतीय भाषेतले नाव फुकट देऊ केले. तरीही नाशिकच्या मेन रोडवर, कॉलेज रोडवर किंवा सातपूरच्या वसाहतीत फिरून किती पाट्यांवर 'डॉट भारत' दिसते ते पाहावे. मला अजून एकही दिसलेली नाही.

कारणे पुष्कळ आहेत. पहिले यंत्राच्या पोटात आहे. नावांची मूळ व्यवस्था फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच समजते. ती मोडायची नाही म्हणून २००३मध्ये एक युक्ती काढली गेली, देवनागरी नावाचे आतल्या आत रोमन सांकेतिक रूप करायचे. 'भारत'चे रूप असे होते : एक्स, एन, दोन आडव्या रेघा, मग एच, २, बी, आर, जे, ९, सी. ब्राउझर हे रूप लपवतो आणि आपल्याला देवनागरी दाखवतो. पण तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला की लपवलेले रूप बाहेर पडते, आणि घेणाऱ्याला वाटते की कोणीतरी काहीतरी घातकी पाठवले आहे. सावधगिरी म्हणून आपणच ज्याला 'असल्या दुव्यावर बोट लावू नका' असे बजावले, तो मराठी पत्त्यावर बोट लावत नाही. ई-मेलचे तसेच. देवनागरी ई-मेलचे तांत्रिक नियम २०१२पासून तयार आहेत, राजस्थान सरकारने २०१७मध्ये नागरिकांना असे पत्ते देऊ केले. पण तो पत्ता एखाद्या साध्या अर्जात भरून पाहा. मी तीन ठिकाणी भरून पाहिला, दोन ठिकाणी लाल अक्षरांत 'अवैध पत्ता' आले.

दुसरे कारण आपल्या लेखनाचे. संगणक अक्षर पाहत नाही, अक्षराचा क्रमांक पाहतो. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हेने टंकता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा 'र' आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. छापील रूप तंतोतंत सारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. त्यात जुन्या नियमांनी चालणारे ब्राउझर ते अदृश्य चिन्ह गाळून टाकत, मग वऱ्हाडचे 'वर्हाड' होई, आणि तसे म्हणणारा माणूस अमरावतीत शोधून सापडणार नाही. 'त्र्यंबक' आणि 'त्र्यम्बक' हेही दोन. 'नाशिक' आणि 'नासिक' हा आपला घरचाच वाद. रोमनमध्ये दोन नावे घेऊन तो मिटतो. देवनागरीत किती रूपे घ्यायची याला धरबंद राहत नाही. एकच फायदा आहे. हिंदीचा पूर्णविराम उभा दंड असतो, आपला टिंब, त्यामुळे पत्त्यातले टिंब मराठी माणसाला परके वाटत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. देवनागरीतले आडनाव म्हणजे मराठी आडनाव नव्हे. 'भारत' सर्वांचे, तिथे तक्रार नाही. पण डॉट ऑर्ग चालवणाऱ्या संस्थेने त्याचे देवनागरी भावंड काढले, ते आहे 'संगठन'. मराठीत 'संघटन' किंवा 'संघटना' लिहितात. 'संगठन' लिहिले तर मुलाला शाळेत लाल रेघ मिळेल. नाशिकच्या एखाद्या द्राक्ष उत्पादक संघटनेने हे आडनाव लावायचे म्हणजे आपल्याच नावात एक शब्द दोन तऱ्हांनी लिहायचा. उद्या बँकांची मराठी नावे करायची ठरली, तर 'बँक डॉट भारत' की 'बैंक डॉट भारत'? चंद्रकोर की दोन मात्रा, हा प्रश्न दिल्लीत कोणाला पडेल? लिपी एक आहे म्हणून भाषा एका पोत्यात घालता येत नाहीत, आणि आडनावांच्या यादीत तेच झाले आहे. सरकारी कार्यालयांसाठी 'सरकार डॉट भारत' असे दालन आहे. ते सुदैवाने दोन्ही भाषांत एकसारखे लिहिले जाते.

बाहेर याचे एक चांगले उदाहरण आहे. कातालान ही स्पेनच्या ईशान्य भागातली भाषा. २००५मध्ये तिच्या लोकांनी 'कॅट' हे आडनाव मिळवले, प्रदेशासाठी नव्हे, भाषेसाठी. अट अशी की ज्याला नाव हवे त्याने कातालान भाषेत काही मजकूर दिला पाहिजे किंवा त्या भाषा-संस्कृतीसाठी काम केले पाहिजे. मांजरांची छायाचित्रे विकणाऱ्या इंग्रजी दुकानाला ते मिळत नाही. दरवाजा अरुंद, तरी आज तिथे लाखाहून अधिक नावे आहेत, कारण आत गेल्यावर काय मिळणार हे बाहेरच्याला ठाऊक असते. २०१७मध्ये स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या आधी स्पेनच्या पोलिसांनी या आडनावाच्या कचेरीवर छापा घातला. भाषेचा दरवाजा खरोखर चालू लागला की राज्यसत्तेलाही त्याची दखल घ्यावी लागते, असाही त्याचा अर्थ होतो.

बास्क, गॅलिशियन, ब्रेटन या भाषांनीही २०१२च्या फेरीत आपापली आडनावे घेतली. त्यांच्या बोलणाऱ्यांची संख्या आपल्या एखाद-दुसऱ्या जिल्ह्याएवढी. मराठीसाठी त्या फेरीत कोणी अर्ज केला नाही.

पुढची फेरी एप्रिल २०२६मध्ये उघडून ऑगस्टमध्ये मिटायची ठरली. अर्जाची फी २,२७,००० डॉलर, आजच्या दराने दोन कोटी रुपयांच्या आसपास, शिवाय पुढे दरवर्षीचा खर्च. साहित्य संमेलनासाठी शासन जेवढे अनुदान देते, तेवढाच हा आकडा आहे. मराठीला अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. 'डॉट मराठी' हे आडनाव कोणी मागायचे ठरवलेच, तर ते खुल्या बाजारात शंभर रुपयांना विकायचे की कातालानांसारखे मराठी मजकुराच्या अटीवर द्यायचे, हे अर्जातच लिहून द्यावे लागते, आणि नंतर सहजी बदलता येत नाही. 'मराठी' या शब्दाला देवनागरीत एकच रूप आहे. ना अदृश्य चिन्ह, ना अनुस्वाराचा वाद, ना हिंदीत वेगळे लेखन. तांत्रिक छाननीत अडण्यासारखे त्यात काही नाही. अर्जाच्या नमुन्यातला पहिला प्रश्न अर्जदार संस्थेचे नाव हा आहे.